कटाहाची वार्ता

२०२५ च्या माघांत धाकट्या चिरंजिवांच्या आग्रहावरून आम्ही उभयतां मलेशियास जाऊन दीड महिना राहून आलों. परदेशगमनाची हौस मला तरुणपणींही नव्हती. सारा जन्म एका तालुक्याच्या गांवीं मुलांकडून शब्दरूपें घोकून घेण्यांत गेला आणि त्यांत मी सुखी होतों. या वेळीं मन वळलें तें एका नांवामुळें. कथासरित्सागरांतील देवस्मितेची कथा पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. ताम्रलिप्तीचा गुहसेन व्यापारासाठीं कटाहद्वीपास निघाला, तेव्हां भगवान् शंकरांनीं त्या पतिपत्नींस एकेक तांबडें कमळ दिलें. दोघांपैकीं एकाचें शील ढळलें तर दुसऱ्याच्या हातांतील कमळ कोमेजावें, असा त्या कमळांचा गुण होता. मध्यें समुद्र, पत्र नाहीं, निरोप्या नाहीं. तरी वार्ता हातांत, आणि तीही खोटें बोलूं न शकणारी! हें कटाह म्हणजे आजच्या मलेशियांतील केदाह संस्थान होय, असें विद्वान् मानतात. तें एकदां डोळ्यांनीं पाहावें एवढाच माझा हेतु होता. तें पाहिलें, पण तेथें वार्तेचीच एक निराळी कथा पदरांत पडली, आणि ती सांगण्यासाठीं हा लेख.

चिरंजिवांचें बिऱ्हाड क्वालालंपूरच्या दक्षिणेस सायबरजया नांवाच्या शहरांत आहे. शेजारींच सरकारी कचेऱ्यांची नगरी पुत्रजया. हा 'जया' म्हणजे आपला 'जय'च. पहिल्या दिवसापासून मला पाट्या वाचण्याचें वेड लागलें. भाषेला हे लोक 'बहासा' म्हणतात. मंत्र्याला 'मंतेरी', पंतप्रधानाला 'पर्दाना मंतेरी', आवाजाला 'सुआरा' म्हणजे स्वर, साक्षीदाराला 'साक्सी', आणि बातमीला 'बरिता', जी आपल्या वृत्त-वार्तेच्याच कुळांतली. वर्तमानपत्र म्हणजे 'सुरात खबर'. त्यांच्या लोकसभेचें नांव 'देवान राक्यात'. त्यांत आपले दिवाण आणि रयत दोघेही बसलेले पाहून मला मोठी मौज वाटली. शिक्षकाला 'चिकगु' म्हणतात, आणि त्यांतील 'गु' हा गुरूचा. भाजीवाल्या बाईनें मी कोण हें विचारून घेतलें व तेव्हांपासून ती मला चिकगु म्हणूनच हांक मारूं लागली. सौ. म्हणाली, "समुद्र ओलांडला तरी मास्तरकी कांहीं सुटली नाहीं."

सायबरजया हें शहर तीस वर्षांपूर्वीं नव्हतें. येथें तेलताडांचे मळे होते. महाथीर महंमद त्या वेळीं पंतप्रधान होते. १९९६ सालीं त्यांनीं राजधानीपासून दक्षिणेकडे संगणकविद्येच्या उद्योगांचा एक मोठा पट्टा वसविण्याचें योजिलें, बिल गेट्स यांच्यासारख्यांस सल्लागार मंडळांत बोलाविलें, आणि परदेशी भांडवलवाल्यांचा विश्वास बसावा म्हणून दहा वचनांची एक सनद काढली. त्यांतील एक वचन असें कीं, इंटरनेटवरील मजकुरावर सरकार नियंत्रण ठेवणार नाहीं. १९९८ च्या कायद्यांतही तें शब्दबद्ध झालें. चिरंजीव ज्या इमारतींत कामास जातात ती या वचनामुळेंच उभी आहे म्हणावयाची. परंतु हें वचन दिलें गेलें तें व्यापाऱ्यांस; रयतेस तें चुकून मिळालें.

चुकून म्हणण्याचें कारण त्या देशांतील छापखान्यांच्या स्थितींत आहे. इंग्रजांनीं १९४८ सालीं, कम्युनिस्टांच्या बंडाच्या वेळीं, छापखान्यांवर परवान्याचें बंधन घातलें. इंग्रज गेले, बंधन राहिलें. १९८४ सालीं याच महाथीरांच्या कारकीर्दींत तें नव्या कायद्यानें अधिक आवळण्यांत आलें: प्रत्येक वर्तमानपत्रानें गृहमंत्र्याकडून दर वर्षीं परवाना घ्यावा. १९८७ च्या ऑक्टोबरांत शंभरावर माणसांस विनाचौकशी तुरुंगांत टाकलें आणि 'द स्टार', 'सिन च्यू जित पोह' व 'वतन' हीं तीन पत्रें एकदम बंद केलीं. पुढें कायदा असा दुरुस्त केला कीं, मंत्र्याच्या निर्णयावर न्यायालयांत दादच मागतां येऊं नये. शिवाय मोठ्या पत्रांची मालकी सत्ताधारी पक्षांच्या किंवा त्यांच्या स्नेह्यांच्या हातीं. ज्याचा परवाना दर वर्षअखेर संपतो त्या संपादकावर तपासनीस बसवावा लागत नाहीं. तो काम आपण होऊनच करतो.

हें ऐकतांना मला आमचा १८७८ चा कायदा आठवला. लिटनसाहेबानें देशी भाषांतील पत्रांची मुस्कटदाबी केली, पण इंग्रजी पत्रें मोकळीं सोडलीं. तेव्हां कलकत्त्याच्या 'अमृतबझार पत्रिके'नें बंगाली टाकून एकाएकीं इंग्रजीचा वेष घेतला. कायदा करणाराचें लक्ष एका दाराकडे असतें, तें हें असें. आणि आणखी एक आठवलें. १९७५ च्या जूनांत मी नुकताच मॅट्रिक झालों होतों. आणीबाणी पुकारली गेली, आणि गांवच्या वाचनालयांत एक पत्र आलें त्यांत अग्रलेखाची जागा कोरी होती. वडिलांनीं मला तें दाखविलें व कांहींएक न बोलतां घडी घालून ठेवलें. त्या वर्षापासून रात्रीं माजघरांत बी. बी. सी. चा रेडिओ अगदीं हळू आवाजांत लागूं लागला. मोठे काका दाराशीं बसत. बाराजणांच्या कुटुंबांत कोणीही मोठ्यानें खोकत नसे. ज्यांच्या घरीं असा रेडिओ लागला असेल त्यांस पुढची गोष्ट सांगावयास नको, तरी सांगतों.

१९९८ च्या सप्टेंबरांत महाथीरांनीं आपले उपपंतप्रधान अन्वर इब्राहिम यांस काढून टाकलें व पुढें ते तुरुंगांत गेले. लोक रस्त्यावर आले. छापील पत्रांतून एकच बाजू येत राहिली. तेव्हां स्टीव्हन गान व प्रेमेश चंद्रन या दोन पत्रकारांच्या ध्यानांत तें उघडें राहिलेलें दार आलें. २० नोव्हेंबर १९९९ रोजीं, सार्वत्रिक निवडणुकीस नऊ दिवस उरले असतां, त्यांनीं 'मलेशियाकिनी' हें वृत्तपत्र केवळ इंटरनेटवर सुरू केलें. 'किनी' म्हणजे 'आतां'. कागद नाहीं, छापखाना नाहीं, म्हणून परवाना नाहीं. २००३ च्या जानेवारींत पोलिसांनीं कचेरींत शिरून एकोणीस संगणक उचलून नेले. पत्र त्यानंतरही चालू राहिलें.

पेटालिंग जया या उपनगरांत त्याची कचेरी आहे, ती मी मुद्दाम पाहिली. ही वास्तु बांधावयास पैसे नव्हते, तेव्हां वाचकांस विनंति करण्यांत आली कीं, प्रत्येकानें हजार रिंगिट देऊन एकेक वीट विकत घ्यावी. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर देणगीदाराचें नांव कोरतात, तशीं येथें भिंतीवर नांवें आहेत: मलायी, चिनी, तमिळ. परवान्याच्या देशांत आपलें नांव अशा भिंतीवर घालूं देणें ही लहान गोष्ट नव्हे. २०२१ च्या फेब्रुवारींत वाचकांनीं लिहिलेल्या मजकुराबद्दल तेथील सर्वोच्च न्यायालयानें या पत्रास पांच लाख रिंगिट दंड केला. ती सारी रक्कम लोकांनीं पांच तासांच्या आंत जमवून दिली.

आतां निवडणुकीकडे येतों. स्वातंत्र्यापासून या देशांत एकाच आघाडीचें राज्य होतें. तिचें नांव बारिसान नासियोनाल. २००४ सालीं तिनें २१९ पैकीं १९८ जागा जिंकल्या होत्या. ८ मार्च २००८ च्या निवडणुकींत ती २२२ पैकीं १४० वर आली. राज्य राहिलें, पण दोन-तृतीयांश बहुमत गेलें, आणि तेरा राज्यांपैकीं पांच विरोधकांकडे गेलीं. केलांतान त्यांच्याकडे आधींपासून होतेंच. त्यांत केदाह, पिनांग, पेराक व सलांगोर यांची भर पडली. पंतप्रधान अब्दुल्ला बदावी यांनीं मागाहून उघडपणें कबूल केलें कीं, इंटरनेटवरील लढाई आपण हरलों. तिकडे दुर्लक्ष केलें ही चूक झाली.

मात्र आंकडे जरा उलगडून पाहिले तर निराळेंच दिसतें. मुख्य द्वीपकल्पांतील १६५ जागांपैकीं सत्ताधाऱ्यांस ८५ व विरोधकांस ८०, जवळजवळ बरोबरीच. समुद्रापलीकडे बोर्निओकडील सबाह, सारावाक व लाबुआन येथील ५७ जागांपैकीं मात्र ५५ सत्ताधाऱ्यांच्या. तेथें घनदाट अरण्यें, नद्यांवरून जाणेंयेणें, आणि वस्त्यांत वीजही पुरती पोंचलेली नाहीं, मग इंटरनेट कोठलें? तेथें स्थानिक पुढारी व पैसा हीं कारणेंही होतीं, हें मला सांगण्यांत आलें व तें खरेंच असेल. तरी नकाशा पाहून मनांत जें यावयाचें तें येतेंच.

त्या निकालाची तयारी आदल्या वर्षीं झाली होती. सप्टेंबर २००७ मध्यें एका वकिलाची चित्रफीत इंटरनेटवर आली; त्यांत तो न्यायाधीशांच्या नेमणुकांविषयीं दूरध्वनीवर बोलतांना दिसत होता. नोव्हेंबरच्या १० तारखेस 'बर्सिह' म्हणजे 'स्वच्छ' या नांवानें निर्मळ निवडणुकीसाठीं मोठा मोर्चा निघाला. मतदाराच्या बोटास शाई लावावी ही त्यांची एक मागणी होती. शाई भारतांतून मागविलीही गेली, आणि मतदानास चार दिवस उरले असतां ती न वापरण्याचें ठरलें! आणि २५ नोव्हेंबरास तेथील हिंदु तमिळ रस्त्यावर आले.

त्या दिवसाची जागा पाहण्यास आम्ही बातु गुहेस गेलों. पायथ्याशीं सुब्रह्मण्याची एकशें चाळीस फूट उंचीची सोनेरी मूर्ति, मागें रंगीबेरंगी २७२ पायऱ्या. सौ. भराभर चढून गेली. मी शंभराच्या पुढें मारुतिस्तोत्राचा आधार घेतला. वर गुहेंत छतांतून उजेड पडतो व वानरें प्रसादावर झडप घालतात. खालीं फाटकाशीं मात्र मी बराच वेळ उभा राहिलों. त्या पहांटे देवळाच्या आवारांत जमलेल्या लोकांवर पाण्याचे फवारे व अश्रुधूर सोडण्यांत आला होता. रबराच्या मळ्यांसाठीं शंभर-सवाशें वर्षांपूर्वीं आणलेल्या मजुरांचीं हीं नातवंडें. त्यांच्याविषयीं छापील पत्रांत जें येई तें त्यांच्याच पक्षाच्या मंत्र्यांच्या तोंडून येई. फाटकामागील धुराचीं चित्रें घरोघर पाहिलीं गेलीं तीं संगणकावर. पुढाऱ्यांपैकीं पांचजण विनाचौकशी स्थानबद्ध झाले. त्यांतील एक वकील, मनोहरन, मार्चमध्यें तुरुंगांतूनच सलांगोरच्या विधानसभेवर निवडून आले. आणि भारतीयांच्या पक्षाचे प्रमुख सामी वेलू, जे १९७४ पासून सुंगाइ सिपुत येथून निवडून येत होते, ते पडले.

हें सारें मला चिरंजीव व त्यांचे स्नेही सांगत होते, व मी ऐकत होतों. पण कटाह अजून राहिलेंच होतें. एके दिवशीं सकाळच्या गाडीनें आम्ही उत्तरेस निघालों व चारएक तासांत सुंगाइ पतानी स्थानकावर उतरलों. चिरंजिवांच्या एका सहकाऱ्याचे वडील तेथें न्यावयास आले होते. चुरगळा नसलेला पांढरा सदरा, कपाळास विभूति, वय पंचाहत्तरीकडे झुकलेलें. मळ्यावरील तमिळ शाळेंत त्यांनीं पस्तीस वर्षें शिकविलें होतें. सारा बाजार त्यांस चिकगु म्हणे. मीही तेंच म्हणूं लागलों, तेही मला तेंच म्हणूं लागले, आणि चिरंजिवांची हंसून पुरेवाट झाली.

गुनुंग जेराइ पर्वताच्या पायथ्याशीं मेर्बोक हें गांव आहे. तेथील वस्तुसंग्रहालयाच्या मागें, खळखळणाऱ्या ओढ्याच्या कांठीं, 'चंडी बुकित बातु पाहात' हें प्राचीन देवालय आहे. चंडी म्हणजे तेथील भाषेंत देऊळ. आतां केवळ दगडी जोतें उरलें आहे. पुढें मंडप, मागें गर्भगृह, खांबांच्या बैठका तेवढ्या दिसतात, वरचें लांकूड कधींच गेलें. देव नाहीं. मी चपला काढून एक प्रदक्षिणा घातली. रखवालदार आश्चर्यानें पाहत होता. कटाहाचीं बंदरें याच परिसरांत होतीं. पिनांगसमोरच्या किनाऱ्यावर १८३४ सालीं एक संस्कृत लेख सांपडला, तो आतां कलकत्त्याच्या संग्रहालयांत आहे. रक्तमृत्तिकेचा महानाविक बुद्धगुप्त यानें आपली यात्रा सिद्धीस जावी म्हणून तो कोरविला. दीड हजार वर्षें होत आलीं. पण त्या खलाशाचें नांव, गांव आणि धंदा हीं तिन्ही आपणांस ठाऊक आहेत.

ओढ्याच्या कांठीं दगडावर बसून डबा उघडला, तेव्हां चिकगु म्हणाले, "हें देऊळ पाहण्यास पुष्कळ येतात. पण या मेर्बोकचें दुसरें एक स्थळमाहात्म्य आहे. २००८ सालीं देशाचा माहितीमंत्री याच मतदारसंघांतून पडला."

जैनुद्दिन मैदिन हे ते मंत्री. सर्व सरकारी नभोवाणी व दूरचित्रवाणी ज्याच्या हातीं, तो मनुष्य! इंटरनेटवर लिहिणारांची ते हेटाळणी करीत असत. 'बर्सिह'च्या मोर्च्याच्या दिवशीं एका परदेशी वाहिनीवर ते इंग्रजींतून अद्वातद्वा बोलले, आणि तें भाषण देशभर लोकांनीं पुन्हां पुन्हां लावून पाहिलें.

"पण येथें मळ्यांत तेव्हां संगणक कोठें होते?" मीं विचारलें.

"नव्हतेच," चिकगु म्हणाले. "येथें मी होतों."

मग त्यांनीं सांगितलें तें असें. त्या फेब्रुवारींत त्यांचा मुलगा क्वालालंपूरहून रोज रात्रीं बातम्या कळवी. चिकगु त्यांतील दोनतीन निवडीत, दुसऱ्या कोणाकडून तरी खात्री करून घेत, तमिळांत उतरवून एका पानावर सुवाच्य अक्षरांत लिहीत, आणि बाजारांतून साठ झेरॉक्स प्रती काढीत. संध्याकाळीं मोटारसायकलवरून मळ्यांतील मजुरांच्या लाइनींत जाऊन त्या वांटीत. ज्यांस वाचतां येत नसे त्यांस वाचून दाखवीत. असें काम करणारे ते एकटे नव्हते. गांवोगांव असे लोक होते, आणि सभांच्या तबकड्याही हातोहात फिरत असत. परंतु यांच्या पानाच्या तळाशीं एक ओळ असे: स्वतःचें नांव, आणि पुढें 'निवृत्त शिक्षक'.

"पेन्शनची भीति वाटली नाहीं?"

"वाटली. पत्नी आठ दिवस बोलली नाहीं. पण चिकगु, वर्गांत बिननांवाची चिठ्ठी फिरूं लागली कीं तुम्ही काय करीत होतां?"

"फाडून टाकीत होतों."

"मग? मी मळ्यांत कशी फिरवूं?"

एकदां मात्र फसगत झाली. शेवटच्या दिवसांत त्यांच्या पानावर असें गेलें कीं, बाहेरचे बनावट मतदार भरून दोन बसगाड्या शेजारच्या गांवीं येऊन थांबल्या आहेत. मतदानाच्या आदल्या संध्याकाळीं चहाच्या दुकानांत कळलें कीं, तें लग्नाचें वऱ्हाड होतें. चिकगु तसेच निघाले, आणि रात्रभर, पाऊस असतां, घरोघर जाऊन दार ठोठावून सांगत सुटले कीं, बसगाड्यांची बातमी खोटी होती, ती मीं दिली होती. एकूणसाठ घरें झालीं. साठावा मनुष्य मुलीच्या गांवीं गेलेला होता.

"तो पुढच्याच वर्षीं वारला," चिकगु म्हणाले. "त्याला शेवटपर्यंत तें वऱ्हाड म्हणजे बनावट मतदारच वाटत राहिले असतील." आणि ते हंसले. मला हंसूं आलें नाहीं.

वाचकांपासून लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. २०२२ च्या डिसेंबरांत आमच्या मूळ गांवीं ग्रामपंचायतीची निवडणूक झाली. सरपंचपदास माझा एक जुना विद्यार्थी उभा होता; बुद्धीनें बेताचा, पण सरळ. मतदानाच्या चार दिवस आधीं कोठून तरी फिरत फिरत एका कागदाचें छायाचित्र माझ्या दूरध्वनीवर आलें: शाळागृहाच्या निधींत त्यानें अफरातफर केली अशा अर्थाचें. मीं तें व्हॉट्सॲपवर गांवच्या मंडळींकडे पुढें पाठविलें, आणि वर आपले चार शब्द जोडले: 'खरें असल्यास शोचनीय आहे.' व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष होतें. 'असल्यास' या पदावर माझी सारी नीति उभी होती. परंतु गांवांत तें 'गुरुजींनीं पाठविलें' म्हणून फिरलें. 'असल्यास' वाटेंतच गळून पडलें. तो थोड्या मतांनीं पडला. पुढें दोन महिन्यांनीं समजलें कीं, तो कागद दुसऱ्याच तालुक्यांतील, त्याच आडनांवाच्या इसमाविषयींचा. मीं काय केलें? आपल्या दूरध्वनीवरून तें छायाचित्र पुसून टाकलें. एकाही घराचें दार ठोठावलें नाहीं. तो पुढें दोनदां रस्त्यांत भेटला, वांकून नमस्कार केला, आणि मीं त्याला मुलाबाळांचें विचारलें.

चिकगुंस मीं यांतलें कांहीं सांगितलें नाहीं. ते डब्यांतील थालीपिठाची कृति विचारीत होते.

परत येतांना सुंगाइ पतानीस एका दुकानांत चहा घेतला, तेथें त्यांनीं पुढच्या निवडणुकांची हकीकत सांगितली. २०१३ सालीं विरोधकांस मतें अधिक पडलीं, जागा कमी. ९ मे २०१८ रोजीं तर साठ वर्षांची सत्ताच उलथली. त्या वेळीं मतदानाचा दिवस मुद्दाम बुधवार ठेवला होता. तेव्हां इंटरनेटवरून अनोळखी लोकांनीं एकमेकांस गांवीं जाण्याचें भाडें दिलें, आणि परदेशांतील मतपत्रिका टपालानें वेळेवर पोंचेनात म्हणून विमानतळांवर प्रवाशांच्या हातीं देऊन पाठविल्या. जिंकणाऱ्या बाजूचे पुढारी कोण? तेच महाथीर, वय ९२! सत्तेवरून उतरल्यावर छापील पत्रें त्यांच्या टीकेस जागा देईनात, म्हणून २००८ सालीं त्यांनींही इंटरनेटवर स्वतःची रोजनिशी उघडली होती. आणि २०१८ च्या एप्रिलांत सरकारनें खोट्या बातम्यांविरुद्ध जो कायदा घाईनें केला, त्याखालीं चौकशीस पात्र ठरलेल्यांत तेही होते. १९८४ चा कायदा करणाऱ्यानें हें भोगावें, याला आमच्या शास्त्रांत नांव आहे; चिकगुंनीं नुसती भुंवई उंचावली. तो कायदा २०१९ सालीं रद्द झाला.

"आणि आतां?" मीं विचारलें.

त्यांनीं नातवाकडे बोट दाखविलें. तो कोपऱ्यांत टिकटॉक पाहत बसला होता. २०२२ च्या निवडणुकीपूर्वीं मताचा अधिकार अठराव्या वर्षीं देण्यांत आला. या मुलांनीं छापील पत्र कधीं उघडलेलें नव्हतें, 'मलेशियाकिनी'ही क्वचितच. निकालानंतरच्या दिवसांत त्याच टिकटॉकवर १३ मे १९६९ च्या वांशिक दंगलीची आठवण देऊन धमकावणाऱ्या चित्रफिती फिरूं लागल्या. पोलिसांस तंबी द्यावी लागली. "सरकारनें दाबलेली बातमी बाहेर काढावयाची, हें आमचें काम होतें," चिकगु म्हणाले. "आतां बातमी दाबावी लागतच नाहीं, दहा हजार चिठ्ठ्यांत ती हरवते. आणि तळाशीं नांव कोणाचेंच नाहीं." २०२५ च्या जानेवारीपासून, ऐंशी लाख किंवा अधिक लोक ज्यांचा वापर करतात अशा समाजमाध्यमांस सरकारचा परवाना लागूं लागला आहे. त्यानें द्वेष आवरेल कीं चिकगुंसारख्यांचीं पानें आवरलीं जातील, यावर त्या दुकानांत दोन मतें पडलीं व चहा थंड झाला. मला स्वतःला परवाना या शब्दाचीच भीति वाटते, बी. बी. सी. च्या त्या रेडिओमुळें असेल.

शेवटचे दोन दिवस पिनांग बेटावर काढले. समोरच्या बंदरांतून तराफ्यानें जॉर्ज टाउनला उतरलों. जुन्या चिनी पेढ्या, तमिळ फुलवाले, मशिदी आणि देवळें एकाच रस्त्यावर. दक्षिणेस जेलुतोंग हा भाग. इंटरनेटवरील आपल्या रोजनिशीमुळें प्रसिद्ध झालेले जेफ ऊइ २००८ सालीं येथूनच लोकसभेवर गेले. तेथें पाहण्यासारखें विशेष कांहीं नाहीं: दुकानें, गृहसंकुलें, एक बाजार. सौ.नें जायफळाचा मुरंबा घेतला.

मुक्कामाच्या खोलींत त्या रात्रीं मीं कागद काढला. व्हॉट्सॲपवर दोन ओळी धाडून भागलें असतें, चिरंजीव तसें म्हणालेही. मीं शाईनें लिहिलें. डिसेंबर २०२२ मध्यें तुझ्याविषयीं जो मजकूर गांवांत फिरला तो खोटा होता, तो मीं पुढें पाठविला होता, आणि हें पत्र तूं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेंस, अशी माझी इच्छा आहे. खालीं पूर्ण नांव, गांव, आणि 'निवृत्त शिक्षक'. सकाळीं जॉर्ज टाउनच्या टपालकचेरींत तिकीट लावून तें पेटींत टाकलें. तिकिटावर एक पक्षी होता. कोणता तें चष्मा खोलीवर राहिल्यामुळें पाहतां आलें नाहीं.

पत्र पोंचल्याचें गांवाहून पुतण्यानें कळविलें आहे. फळ्यावर लागलें कीं नाहीं, तें त्यानें लिहिलेलें नाहीं, आणि मीं अजून विचारलेलें नाहीं. चैत्रांत पालखीला जावयाचें आहे, तेव्हां दिसेलच.